हरकत आहे

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात चौऱ्याऐंशी पानांची प्रुफं होती. ती मी खाली जमिनीवर ठेवली. हात मोकळे हवेत असं वाटलं. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

प्रकाशन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीखाली ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. रंग अजून ओला होता. टर्पेंटाइनचा वास खालच्या पायरीपर्यंत पोचला होता. पडक्या नगराची एक कमान, आणि कमानीआडून डोकावणारा माणूस — अंगावर पांढरे पट्टे, केसांत पिसं, हातात भाला. आणि दात. दात फार मन लावून काढले होते.

खिडकीपाशी एकजण चहा पीत उभा होता. कुरिअरवाला असेल, असं धरून मी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "हे ज्यानं काढलंय त्यानं पुस्तक उघडूनसुद्धा बघितलेलं नाही."

"उघडलं होतं," तो म्हणाला. "पंधरा पानं."

मी वळून बघितलं. त्याच्या नखांत कमानीचाच पिवळा रंग होता.

दुसरी कोणी असती तर जीभ चावली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, त्यामुळे मी उरलेल्या दोनशे तीस पानांचा हिशेब विचारला. त्यानं सरळ सांगून टाकलं की ऑफिसातून अर्ध्या पानाचं टिपण मिळालं होतं: पडकं नगर, अडकलेले प्रवासी, रानटी टोळी. त्यावरून त्यानं दोन दिवसांत चित्र काढलं.

"मग हे त्या टिपणाचं मुखपृष्ठ आहे," मी म्हटलं. "पुस्तकाचं नाही."

तो हसला. छान हसला, आणि ते माझ्या लक्षात आलं म्हणून मी आणखी चिडले.

तो म्हणाला, "मग पुस्तकात काय आहे ते तुम्ही सांगा."

मी सांगितलं नाही. आत जाऊन टेबलाच्या खणातून माझी कॉलेजातली प्रत आणली आणि त्याच्या हातात कोंबली. ती प्रत मी कोणालाच देत नाही. समासात माझ्या पेन्सिलीनं लिहिलेलं इतकं काही आहे की ते वाचणं म्हणजे माझ्या घरात बूट घालून फिरणं. तरी दिली. त्याला लाज वाटावी म्हणून दिली — खरं तेच सांगते.

*

मी त्या ऑफिसात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या, सुटलेले अनुस्वार द्यायचे, आणि शेवटच्या प्रुफावर 'वाचलं, छापायला हरकत नाही' असं लिहून सही करायची. त्या सहीशिवाय छापखाना यंत्राला हात लावत नसे. ऑफिसात मला 'टिंब' म्हणत. मी अनुस्वार सोडत नाही म्हणून, आणि उंची बेताची म्हणूनही.

ती कादंबरी नव्वद वर्षांपूर्वीची. कॉलेजात सगळ्यांना असते. मोजणीखात्याची तीस माणसं एका ओसाड पठारावर वाट चुकतात आणि जुन्या, पडक्या नगरात अडकतात. नगर फार देखणं असतं. झाकलेली गटारं, धान्याची कोठारं, दगडी पायऱ्यांची विहीर. मोजणीदार पहिल्या दिवशी सभा भरवतात, घंटा बांधतात, रोज दाढी करायची असा नियम करतात. विहीर आटायला लागते तशी ही माणसं एकेक गोष्ट सोडत जातात. मूर्तींचे चेहरे फोडतात. कोठारं जाळतात. शेवटी विहिरीवर राखणीला बसवलेल्या आपल्याच माणसाला विहिरीत ढकलतात. दाढी मात्र शेवटच्या पानापर्यंत रोज करतात.

आणि डोंगरातली माणसं? ती अख्ख्या कादंबरीत एकाच प्रकरणात येतात. येते ती एक म्हातारी. वाळलेल्या भोपळ्याच्या भांड्यात पाणी भरून रोज सकाळी कमानीपाशी ठेवते आणि काही न बोलता निघून जाते. आठ दिवस ठेवते. नवव्या दिवशी हे लोक तिला गोळी घालतात.

त्या कादंबरीची विद्यार्थी-आवृत्ती आमच्याकडून निघत होती. टिपा एका नामांकित प्राध्यापकांच्या. सतराव्या पानावरच्या टिपेत त्यांनी लिहिलं होतं — 'पडके नगर हे लुप्त संस्कृतीचे, तर डोंगरी लोक हे रानटीपणाचे प्रतीक होय.' खाली सरावासाठी प्रश्न: डोंगरी लोक कशाचे प्रतीक आहेत? एका वाक्यात उत्तर लिहा.

हे एक वाक्य मला नवीन नव्हतं. कॉलेजात हेच प्राध्यापक मला शिकवायला होते. मी वर्गात उभी राहून विचारलं होतं, की सर, पाणी देणारी रानटी आणि गोळी घालणारे कोण? त्यांनी हजेरीपट जवळ ओढला, माझं आडनाव शोधलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुम्हाला तसं वाटणं स्वाभाविक आहे." वर्ग हसला. माझं आडनाव डोंगरातलं आहे. आईकडचे, वडिलांकडचे, सगळे तिकडचेच. शाळेत मला जंगली म्हणायचे तेव्हा मी मारामारी करायचे. त्या दिवशी मात्र नुसती खाली बसले. त्या बसण्याचा राग मला आजतागायत आहे. त्यांच्यावर आहेच, माझ्यावरही.

*

चित्रकार आठ दिवसांनी आला. माफी मागायला आला असेल तर चांगलं खडसवायचं, म्हणून मी तयारीत होते. त्यानं माफी मागितली नाही. माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. म्हणाला, वाचताना जी वस्तू येईल ती समोरच्या कागदावर काढत जायची त्याला सवय आहे. एका कागदावर विहिरीची आतली भिंत होती, पान एक्केचाळीस: तीन वळणदार रेघा, प्रत्येक वळणात एक ठिपका. दुसऱ्यावर म्हातारीचं भांडं होतं, पान दोनशे तीन. त्यावर कोरलेली नक्षी — तीन वळणदार रेघा, प्रत्येक वळणात एक ठिपका.

"लेखकानं दोन्हीकडे शब्दसुद्धा तेच वापरलेत," तो म्हणाला. "मी काढलं म्हणून मला दिसलं. ही नक्षी तिच्याच लोकांची आहे. ते नगर त्यांनी बांधलंय."

मी पानं उलटली. एक्केचाळीस. दोनशे तीन. पुन्हा एक्केचाळीस. अकरा वेळा वाचलेलं पुस्तक, आणि मला हे दिसलं नव्हतं. संस्कृती लुप्तबिप्त काही झालेली नव्हती. ती रोज सकाळी पाणी घेऊन दाराशी येत होती, आणि तिला गोळी घातली या लोकांनी.

"तुम्हाला आनंद झाला नाही का?" त्यानं विचारलं.

"राग आलाय."

"कोणाचा?"

"तुमचा. हे मला दिसायला हवं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुस्तकाकडे. बराच वेळ त्याच त्या पानाकडे बघण्यासारखं त्यात काही नव्हतं... आणि हे त्यालाही समजत होतं.

जाताना म्हणाला, समासातलं सगळं वाचलंय. एकशे बाराव्या पानावर मी एका पात्राला 'गाढव' लिहिलंय, तिथं त्यानं खाली पेन्सिलीनं 'सहमत' लिहिलं होतं. माझ्या पुस्तकात. मी रबर काढलं. मग परत ठेवून दिलं.

*

त्यानंतर तो काही ना काही निमित्तानं येऊ लागला. कधी रंगाचा नमुना दाखवायला, कधी कागदाचा पोत विचारायला — जणू मुद्रितशोधकाला कागदाच्या पोताशी काही देणंघेणं असतं. सुटल्यावर आम्ही बसथांब्यापर्यंत चालत जायचो आणि भांडायचो. तो म्हणायचा, मोजणीदारांच्या पुढाऱ्याची थोडी कीव येते. मी म्हणायचे, येत असेल, तुम्हाला कोणी पाणी मागायला लावलेलं नाही. एकदा भांडता भांडता चार बस गेल्या. पाचवीत मी चढले तेव्हा तो खालून म्हणाला, की उद्या मी थोडी कमी चिडले तरी त्याची तक्रार नसेल. मी म्हटलं, मग माझ्याशी बोलायला कशाला याल? बस सुटली, आणि त्याचं उत्तर काचेपलीकडेच राहिलं.

मग तो घरी आला. घर म्हणजे आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान आणि मागच्या दोन खोल्या. शर्टाचं बटण तुटलंय म्हणून आला होता. आईनं शर्ट हातात घेतला, दोऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तुटलेलं नाही, कापलेलं आहे." तो कानापर्यंत लाल झाला. आईनं चेहरा जराही न हलवता बटण लावून दिलं. मी मशीनमागे तोंड लपवलं.

नवीन मुखपृष्ठाची कच्ची चित्रं त्याच्या पिशवीत होती. कमान, आणि कमानीत भांडं घेऊन उभी असलेली म्हातारी. आईनं ती न विचारता उचलली. माझी आई डोंगराबद्दल बोलत नाही. कुठल्या गावची, असं कोणी विचारलं तर बसथांब्याचं नाव सांगते. मी लहानपणी पुष्कळदा विचारून बघितलं, आणि प्रत्येक वेळी तिला कुठला तरी शिवायचा राहिलेला कपडा आठवला.

"असं नाही धरत, बाबा," ती त्याला म्हणाली. "भरलेलं असलं की एक हात खालून लागतो. नाहीतर मान तुटते त्याची."

ती उठली. इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं कमरेवर घेतलं, एक हात वर, एक खाली, अंग जरा डावीकडे कललेलं. अशी उभी राहिली की मला माझीच आई ओळखू येईना. तो काढत राहिला. पेन्सिलीची खरखर तेवढी ऐकू येत होती.

मी तिथंच होते, आणि मला दोघांचाही संताप आला. तिचा, कारण एवढं सगळं तिनं कमरेत जपून ठेवलं आणि मला कधी दाखवलं नाही. त्याचा, कारण तो एका दुपारी येऊन ते घेऊन गेला. पण तो निघाला तेव्हा पायरीपर्यंत सोडायला मीच गेले. त्याची बाही माझ्या मनगटाला लागली. त्यानं ती काढून घेतली नाही, मीही सरकले नाही. दोघंही समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत होतो.

*

बैठक मालकांच्या खोलीत झाली. मालक, प्राध्यापक, संपादकबाई, चित्रकार, आणि प्रुफांची पानं घेऊन कोपऱ्यात मी. टेबलावर दोन चित्रं — दातवाला आणि म्हातारी.

प्राध्यापकांनी म्हातारीचं चित्र दोन बोटांनी सरकवलं आणि विचारलं, की यात रानटीपणा कुठे दिसतो? विद्यार्थ्यांना एका नजरेत समजायला हवं. मालक म्हणाले, जुनं चित्र दुकानात लांबूनही उठून दिसतं.

मला कोणी विचारलं नव्हतं. मी उठले. दोन्ही पानं वाचून दाखवली, एक्केचाळीस आणि दोनशे तीन, शब्दाला शब्द. म्हटलं, सतराव्या पानावरची टीप चुकीची आहे, आणि हे चित्र त्या चुकीला रंग लावून उभं आहे. रानटी कोण, हे लेखकानं रोज दाढी करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर लिहून ठेवलंय. वाचलं तर दिसतं.

प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना मी आठवत नव्हते. हातातल्या कागदावर माझं नाव मात्र होतं, ते त्यांनी वाचलं.

"तुम्हाला तसं वाटणं स्वाभाविक आहे," ते म्हणाले.

तेच वाक्य. त्याच मायेनं.

मी चित्रकाराकडे बघितलं. नक्षी त्यानं शोधली होती. एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं, कारण त्याचं आडनाव शोधून कोणी चष्म्यावरून बघणार नव्हतं. तो मूग गिळून बसला. मालकांनी विचारलं, जुनं ठेवायचं ना? तेव्हा त्यानं मान हलवली, आणि हळू म्हणाला, "ठीक आहे."

जिन्यात त्यानं मला गाठलं. म्हणाला, तो घाबरला. वर्षभरात जी काही पुस्तकं त्याच्याकडे येतात ती सगळी याच मालकांकडून येतात. तोंड उघडायला गेला, पण... शब्दच फुटेना. खोटं काही बोलला नाही. तेवढं मला दिसलं, आणि त्यानं काही फरक पडला नाही.

"ते तसे आहेत हे मला दहा वर्षांपासून ठाऊक आहे," मी म्हटलं. "त्यांच्यावर चिडायचं माझं ठरलेलं आहे. तुमच्यावर चिडायची तयारी मी केली नव्हती."

"मी—"

"माझ्या आईला तुम्ही उभं केलंत. तिचं चित्र काढलंत. आणि कोणीतरी ते दोन बोटांनी सरकवलं तेव्हा ठीक आहे म्हणालात. आता येऊ नका."

तो आला नाही. मीच सांगितलं होतं येऊ नका म्हणून, आणि तो येत नाही याचाही मला राग येत होता. बसथांब्यावर पहिली बस आली की मी चढून बसायचे. घरी आई काही विचारायची नाही. कात्री मात्र नेहमीपेक्षा जोरात चालवायची.

*

शेवटची प्रुफं पुढच्या सोमवारी आली. मी ती नेहमीसारखी वाचली, एकही अनुस्वार सोडला नाही. मग सतराव्या पानाचा कोपरा दुमडला आणि पहिल्या पानावर, सही करायच्या जागी लिहिलं, 'वाचलं. छापायला हरकत आहे.' खाली सही केली. सोबत दोन पानांचं टिपण जोडलं, दोन्ही उताऱ्यांसह.

मालकांनी बोलावलं. आधी त्यांना ती लेखनातली चूक वाटली. 'नाही' राहून गेलंय, म्हणाले. मी म्हटलं, राहून गेलेलं नाही. मग ते उभे राहिले. मी शुद्धलेखनापुरती आहे, अर्थाशी माझा संबंध नाही, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मी म्हटलं, शब्दात चूक असेल ती मी दुरुस्त करते, आणि 'रानटी' हा शब्द चुकीच्या माणसाला लागलाय. ते म्हणाले, महिना भरेपर्यंत काम करा, नंतर यायची गरज नाही.

हे सगळं चालू असताना संपादकबाई दारात आल्या. या बाई कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी त्यांचा चेहरा विचित्र दिसत होता. हसू दाबताना होतो तसा. म्हणाल्या, मुखपृष्ठाचं चित्र छापखान्यात नाही. शुक्रवारी चित्रकार येऊन, एका कोपऱ्यात दुरुस्ती करायची आहे म्हणून घेऊन गेला होता. आत्ता त्याचा फोन आला. कॅनव्हासवर त्यानं पांढरा रंग मारलाय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोन हात. आता एकच चित्र शिल्लक आहे, हवं तर ते घ्या, म्हणाला. नको असेल तर यापुढे त्याला काम देऊ नका, तेही चालेल. आणि नक्षीचं मी जे वाचून दाखवलं ते शंभर टक्के बरोबर आहे, बैठकीत ते आपण सांगायला हवं होतं, असा निरोप त्यानं मालकांना, प्राध्यापकांना आणि छापखान्याला, तिघांनाही द्यायला सांगितला होता.

मालक खुर्चीत बसले. मी बाहेर आले आणि जिन्याच्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिले. डोळे भरून येत होते. रडूही रागानंच येत होतं, पण त्यात आता दुसरंही काही मिसळलं होतं.

पुस्तक कॉलेजं उघडण्याआधी निघायला हवं होतं, म्हणून निघालं; माझ्याऐवजी सही संपादकबाईंनी केली. मालकांनी म्हातारी घेतली नाही. मुखपृष्ठ कोरं, नुसती अक्षरं. सतराव्या पानावरची टीप तशीच राहिली. पण शेवटच्या दोन पानांवर, बारीक टायपात, संपादकबाईंनी माझं टिपण छापलं, 'आणखी एक वाचन' असं वर लिहून. माझं नाव खाली दिलं. आडनावासकट. मालकांना ते पुस्तक बांधून आल्यावर दिसलं.

मला एका वर्तमानपत्रात काम मिळालं. तिथं प्रुफं तपासायला वेळ कमी मिळतो आणि चिडायला विषय जास्त.

*

तो आला तेव्हा दुपार होती. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता, आणि मी आईच्या दुकानात एका जाड कोटाचं अस्तर उसवत बसले होते. तो पायरीच्या खालीच थांबला. केस ओले, हातात म्हातारीच्या त्या चित्राची गुंडाळी, पिशवीत घालून नीट जपलेली.

"हे मावशींचं आहे," तो म्हणाला. "त्यांच्याकडेच असायला हवं. तेवढं देऊन जातो."

मी हात पुढे केला नाही. कात्री चालू ठेवली.

"मला उशीर झाला," तो म्हणाला. "बैठकीतच बोलायला हवं होतं. एक आठवडा लागला मला... पांढरा रंग मारणं त्या मानानं सोपं होतं. तिथं समोर कोणी बसलेलं नव्हतं."

"हो. सोपं होतं."

"मला तुम्ही आवडता. हेही उशिराच सांगतोय. बसथांब्यावरच सांगणार होतो. पण तुम्ही तेव्हा चिडलेल्या होता."

"आणि आता?"

"आताही चिडलेल्या आहात. म्हणून म्हटलं, हे काही थांबत नाही, सांगून टाकावं."

मला हसू आलं. मी ते दातांखाली धरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यानं ते बघितलं, पण एक पायरीसुद्धा वर चढला नाही. पाऊस त्याच्या खांद्यावर पडत होता आणि गुंडाळी त्यानं छातीशी धरली होती, एक हात वर, एक हात खालून.

"राग गेला की सांगाल?" त्यानं विचारलं. "मी तेव्हा येईन."

"तो जायचा नाही," मी म्हटलं. "तुझ्यावरचा बराचसा जाईल. बाकीच्यांवरचा मला हवाय. त्याच्यासकट चालत असेल तर आत ये, भिजतोयस उगीच."

त्यानं त्या 'तू'कडे असं बघितलं की मला कोटाच्या अस्तरात डोकं खुपसावंसं वाटलं. मग तो वर आला.

मागच्या खोलीतून आईनं विचारलं, "कोण आलंय ग?"

मी कोट बाजूला ठेवला आणि त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"आपलाच माणूस आहे," मी म्हटलं.